कवडे, सांग गं तिला

ज्वारीची काढणी उरकली, तशी झुंबरबाईनं घरी येऊन हातपाय धुतले आणि राहिलेली गोधडी शिवायला घ्यावी म्हणून मागच्या खोलीचं दार उघडलं. बघते तर गोधडीवर कोंबडी बसलेली.

बसलेली म्हणजे साधी बसलेली नव्हे. अंग पसरून, मान आत ओढून, गोधडीच्या अगदी मधोमध, ही खोली आपल्याच नावावर आहे अशा थाटात. झुंबरबाईनं "हाऽड" केलं. कोंबडी हलली नाही. तिनं पदर झटकला. कोंबडीनं पिसं फुलवली आणि घशातून असा काही आवाज काढला की झुंबरबाईच दोन पावलं मागं सरली. मग लांबूनच वाकून पाहिलं. पोटाखालून अंडी डोकावत होती. एक नाही, दोन नाही, चांगली टोपलीभर.

कोंबडी खुडूक झाली होती. एकदा का कोंबडी खुडूक बसली, की तिचं अंडी घालणं बंद आणि उबवणं सुरू. तीन आठवडे ती जागची उठत नाही. दिवसातून एकदा दाणापाण्याला काय बाहेर जाईल तेवढंच. आणि ही बया आत आली कुठून, तर झरोक्यातून. झरोक्याची फळी निखळली होती आणि झुंबरबाई दिवाळीपासून नवऱ्याच्या मागं लागली होती. रायभान "बसवतो" म्हणत होता. तो मनानं चांगला माणूस, पण जरा सावकाश. जालना जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली, तरी तो अजून पत्ता सांगताना औरंगाबाद जिल्हा म्हणायचा. सुगीच्या दिवसांत सगळे रानात होते, खोली बंद होती आणि कोंबडीनं तिथं रोज येऊन आपला संसार थाटला होता.

आता गोधडीचं सांगायला पाहिजे, कारण ती काही थंडीत पांघरायची साधी गोधडी नव्हती. झुंबरबाईची एकुलती लेक बेबीनंदा पहिल्या बाळंतपणाला तीर्थपुरीहून माहेरी आली होती. तिला नववा महिना लागला होता. या घराची रीत अशी, की पाचवीच्या दिवशी बाळाला आणि बाळंतिणीला घरातल्या थोरल्या बाईच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीवर निजवायचं. झुंबरबाई स्वतः तशी निजली होती, बेबीनंदाही तशीच निजली होती. गोधडी पाचवीच्या आत व्हायलाच पाहिजे, हे झुंबरबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. लेकीच्या बाळंतपणाची तिला जी काही भीती वाटत होती, ती सगळी तिनं या गोधडीत नेऊन ठेवली होती. गोधडी वेळेवर झाली तर सगळं नीट होणार, एवढा सरळ हिशेब.

थोरली बाई म्हणजे तिची सासू द्वारकाबाई. ती गेली तेव्हा मागं एक इरकली लुगडं ठेवून गेली. पुढं दोघा भावांची वाटणी झाली. शेत साखळीनं मोजलं, बैलांच्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि लुगडं दोघी जावांनी दोन टोकं धरून टरकन फाडलं. हिरवं अंग थोरलीला, म्हणजे झुंबरबाईला, तेच आता या गोधडीत; लाल पदर धाकटीला. कापड जास्त आलं म्हणून थोरली खूश, पदर देखणा म्हणून धाकटी खूश. त्या काळी दोघी एकमेकींच्या खुशीवर खूश असायच्या.

ती धाकटी म्हणजे सगुणाबाई. पुंजारामची, म्हणजे रायभानच्या धाकट्या भावाची बायको. तिचं घर शेजारीच, मधे फक्त काट्यांची कुपाटी. आणि गोधडीवर बसलेली कोंबडी सगुणाबाईची होती. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, म्हणून तिचं नाव कवडी.

दोघी जावांचं वर्षभर बोलणं नव्हतं. नवरे रोज एका बांधावर बसून एका काडीवर दोन बिड्या पेटवायचे, पण बायका कुपाटीच्या दोन बाजूंना दोन मुलखांत राहावं तशा राहत होत्या. कारण हीच कवडी. गेल्या साली सगुणाबाईची सून पोटुशी होती आणि कवडी अशीच खुडूक बसली. सगुणाबाईनं तिला उचललं आणि गार पाण्याच्या बादलीत दोनदा बुचकळून काढलं. खुडूक मोडायला सगळा गाव हेच करतो. पण झुंबरबाई धावड्याची, आणि तिच्या माहेरी असं मानत, की घरात पोटुशी बाई असताना अंड्यांवरची कोंबडी उठवायची नाही. एक आई दुसऱ्या आईला उठवत नसते. बरं, हे तिनं जावेला घरात बसवून सांगितलं असतं तर गोष्ट मिटली असती. तिनं सांगितलं आडावर, पाच-पंचवीस बायकांच्या पुढ्यात, कमरेवर हात ठेवून.

"बुडव, बुडव! उद्या नातवाचं काही वाकडं झालं, की बस मंग कपाळाला हात लावून!"

नातवाचं काही वाकडं झालं नाही. धर्मराज जन्मला तो असा खणखणीत की त्याचं रडणं मारुतीच्या पारापर्यंत ऐकू गेलं. पण आडावरचं ते वाक्य काही विरलं नाही. धर्मराजच्या बारशाला झुंबरबाईला बोलावणं आलं नाही. सासूचा लाल पदर त्याच्या गोधडीत मधोमध बसलाय, हे तिला दुसऱ्यांकडून कळलं.

आणि आता बघा. घर झुंबरबाईचं, पोटुशी लेक झुंबरबाईची, आणि अंड्यांवर बसलेली कवडी. आपल्याच हातानं बांधलेल्या दाव्यात बाई बरोबर अडकली.

बेबीनंदा पोट सावरत दारात आली आणि हसत सुटली. हसून झाल्यावर मात्र तिचा चेहरा बारीक झाला.

"माय, उठवू नको हां तिला. तूच म्हणती ना?"

"म्हंती की," झुंबरबाई चडफडत म्हणाली. "म्हणायला काय लागतं?"

तरी एक वाट उरली होती. गावची सुईण चतुराबाई बेबीनंदाला बघायला यायची. तिनं "काही होत न्हाई, उठव" म्हटलं असतं, तर झुंबरबाईनं ते आनंदानं ऐकलं असतं. चतुराबाईनं खोलीत डोकावलं, तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सारला आणि म्हणाली, "गेल्या साली आडावर मी बी होते झुंबर. लई मोठ्यानं बोलली होतीस तू."

एवढंच बोलून ती बेबीनंदाचं पोट बघायला गेली. वाट बंद झाली.

संध्याकाळी रायभान खोलीच्या दारात उभा राहून बराच वेळ कोंबडी बघत राहिला. मग म्हणाला, "कडंकडंनं शिवून घे की. ती मधी बसली, तिला काय करायचंय?"

तो थट्टेनं बोलला होता. पण झुंबरबाईच्या डोक्यात उजेड पडला. गोधडी शिवतातच मुळी कडेनं. आधी चारी कडा घ्यायच्या, मग बोटभर आत सरायचं, पुन्हा चारी बाजूंनी फिरायचं, पुन्हा आत सरायचं. धावता टाका चौकोनात चौकोन काढत शेवटी मधे येऊन थांबतो. मधला वीतभर तुकडा राहील सगळ्यात शेवटी, आणि तोवर कवडीची पिल्लं बाहेर आलेली असतील. लेक सुटायला अजून तेवढे दिवस होते. लागेल ते लागेल म्हणून तिनं सुईत दोरा ओवला. ओवायला पाच खेपा लागल्या, कारण डोळे आता पहिल्यासारखे राहिले नव्हते, पण हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई आली. तिला वाटत होतं कवडीला मुंगसानं नेलं. पुंजारामनं बांधावरची बातमी घरी नेली तेव्हा तिला कळलं, की कवडी नुसती जिवंत नाही, तर शत्रूच्या मुलखात जाऊन बसलीय. ती कुपाटी ओलांडून, अंगण ओलांडून, मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात वाटीभर ज्वारी आणि पाण्याचं परळ. आत झुंबरबाई गोधडीच्या कडेला मांडी घालून टाके घालत होती. तिनं मान वर केली नाही. सगुणाबाईनंही तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं कोंबडीकडे पाहिलं.

"काय गं कवडे," ती म्हणाली, "सोताचं घर सोडून लोकाच्या घरी कामून बसलीस?"

झुंबरबाईनं एक टाका घातला, दुसरा घातला. मग तीही कोंबडीलाच म्हणाली, "कवडे, सांग गं तिला, ज्या घरी बादलीत बुडवत्यात त्या घरी कोण बसंल?"

सगुणाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तिनं वाटी खाली ठेवली, परळ ठेवलं आणि म्हणाली, "कवडे, सांग, दाण्याला मी रोज येनार. माझी कोंबडी हाये. कुणाच्या उपकारात राह्यची न्हाई."

"सांग, दार उघडंच असतं म्हणावं."

कवडीनं दोघींचं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले.

असं ते सुरू झालं. सगुणाबाई रोज दुपारी यायची. कवडी दाणे टिपायची, पाणी प्यायची, आणि मग दिवसातून एकदा पाय मोकळे करायला बाहेर पळायची. बाहेर म्हणजे कुठं, तर झुंबरबाईच्या परसात. न्हाणीच्या पाण्यावर झुंबरबाईनं तिथं काय काय केलं होतं! वांगी होती, लसूण होता, कुपाटीवर वालाचा वेल चढवलेला होता आणि मधोमध कोथिंबिरीचा वाफा, राजूरच्या बाजारात मिळणार नाही इतका हिरवागार. कवडी नेमकी त्या वाफ्यात शिरायची, दोन्ही पायांनी माती उधळायची, त्यात आडवी होऊन मातीनं न्हायची आणि कोथिंबीर अंगाखाली घेऊन यथेच्छ लोळायची. झुंबरबाई दारातून बघायची. हाकलायला हात उठायचा, लेकीचं पोट आठवायचं, हात खाली यायचा.

सगुणाबाईला हे सगळं दिसत होतं. हसू नये म्हणून ती गालाच्या आत जीभ चावायची.

चार-सहा दिवस गेल्यावर ती दाणे टाकून लगेच परत जाईना. दारात टेकायची. टेकली की नजर गोधडीवर जायचीच. गावात सगुणाबाईइतका बारीक टाका कुणाचा नव्हता, आणि हे सगुणाबाईला चांगलं ठाऊक होतं.

"कवडे," ती एके दिवशी म्हणाली, "ह्या टाक्यातून तर तुझं पिल्लू बी पार होऊन जाईल गं."

झुंबरबाईची सुई थांबली. खरं तर टाके मोठे पडत होते, वाकडेही पडत होते, कारण दिसतच नव्हतं. पण असं कुणी म्हणायचं?

"कवडे, सांग तिला, ज्याला बारीक टाका येतो त्यानं दारात बसून तोंड वाजवू नये. सुई त्या कोनाड्यात हाये."

सगुणाबाई उठली, कोनाड्यातली सुई घेतली, आणि समोरच्या कडेला जाऊन बसली. कुणी कुणाला बोलावलं नाही आणि कुणी आलंही नाही, असं दोघींचं म्हणणं. कोंबडीनं काय तो निरोप पोचवला.

मग गोधडी भरभर सरायला लागली. इकडून झुंबरबाई, तिकडून सगुणाबाई, मधे कवडी. एकीचा टाका जाड आणि भोळा, दुसरीचा मुंगीच्या पावलांचा. दोघींचे टाके कोपऱ्यावर भेटायचे तेव्हा झुंबरबाई आपला शेवटचा टाका जरा बारीक घालायची आणि सगुणाबाई आपला जरा मोठा. का, ते त्यांनाच ठाऊक. बोलणं सगळं कवडीमार्फत. "कवडे, विचार, दोरा संपला का." "कवडे, सांग, चहा ठेवलाय." "कवडे, म्हणावं साखर कमी पडली." बेबीनंदा बाजेवर पडून हे ऐकायची आणि उशीत तोंड खुपसून हसायची. तिनं एकदा मधेच "काकी, साखर मी देते" म्हटलं, तर दोघींनी तिच्याकडे असं पाहिलं की पुन्हा तिनं कोंबडीच्या कामात लुडबूड केली नाही.

परत जाताना सगुणाबाईला कुपाटीवर वालाच्या शेंगांचं गाठोडं सापडायला लागलं. कुणी ठेवलं ते लिहिलेलं नसायचं. तिकडून धर्मराजच्या हाती अंडं यायचं, बेबीनंदासाठी. धर्मराज नुकता चालायला लागला होता, त्यामुळे दोन अंडी अंगणातच कामी आली.

चौकोन जसजसा लहान होत गेला तशी कवडी चिडायला लागली. सुई जवळ आली की ती टोचायची. दोघींच्या हातांवर चोचीचे लाल ठिपके उमटले. अशाच एका दुपारी झुंबरबाईच्या हातावर चोच बसली आणि ती ओरडली, "अगं, गेल्या साली तुला बुडवलं ते मी न्हाई, तिनं!"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, नको होतं काढायला. सगुणाबाईनं दोन-चार टाके घातले. मग कोंबडीच्या डोळ्यांत बघत, अगदी हळू म्हणाली,

"कवडे, तुला तर ठावं हाये ना गं. पोरीच्या अंगात रक्त न्हव्हतं. डोळ्याची पापनी उलटी केली तर पांढरीफक. डॉक्टरनं रोज अंडं खाऊ घाला म्हनून सांगितलं. घरात अंडी देनारी तवा तू एकटी. अन् तू बसली खुडूक. मंग मी काय करू? सून बघू का तुझी पिल्लं बघू? बुडवताना मी डोळे मिटून घेतले होते, ते बी तुला ठावं."

झुंबरबाईला ही गोष्ट माहीत नव्हती. आडावर तिनं विचारलंच नव्हतं, नुसतं बोलली होती. तिच्या तोंडाशी काहीतरी आलं. पण कवडीला सांगण्याजोगं ते नव्हतं, म्हणून तिनं ते गिळलं. त्या दिवशी कुपाटीवरच्या गाठोड्यात शेंगांखाली वांगीही निघाली.

बेबीनंदाला कळा लागल्या त्या अपेक्षेपेक्षा लवकर, एका सकाळी, रानात वेचलेल्या तुरीची डाळ भरडत असताना. चतुराबाई आली. सगुणाबाईही आली. कुणी बोलावलं नाही, आणि या वेळी तिनं कोंबडीलाही काही सांगितलं नाही. पदर खोचून पाणी तापवायला बसली. उन्हं माथ्यावर यायच्या आत मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, मुठी आवळलेली, रागीट. झुंबरबाईनं भिंतीला डोकं टेकलं आणि ती रडली, मोठ्यानं, कुणाची भीडभाड न ठेवता.

मग सगळे गोधडीकडे वळले. गोधडी झाली होती, फक्त मधला वीतभर तुकडा राहिला होता. त्यावर कवडी. अजून पिल्लं निघायची होती, आणि पाचवी तोंडावर आली होती.

रायभान म्हणाला, "आता काय? लेक सुटली. नेम संपला. उचल ती कोंबडी अन् शिवून टाक जल्दी."

आणि खरोखर नेम संपला होता. आता घरात पोटुशी कुणी नव्हतं. सगुणाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "कवडे, सांग, उचलू दे म्हणावं. मी काही म्हननार न्हाई. अंडी गेली तर गेली."

झुंबरबाई कवडीकडे बघत राहिली. कवडी वाळली होती. तुरा पिवळट पडला होता, छातीची पिसं झडली होती, तरी सुईला टोचायला तयार.

"राहू दे," झुंबरबाई म्हणाली. "कवडे, सांग तिला, आता घरात दोन बाळंतिनी हायेत म्हणावं. एकीसाठी दुसरीला कोण उठवतं? गोधडी झाली तर झाली, न्हाई तर पोरगी माझ्या मांडीवर निजंल."

इतके दिवस जी बाई गोधडी गोधडी करत होती ती हीच का, असं रायभानला झालं. सगुणाबाई मात्र वाटी घेऊन निघून गेली. कुपाटीपाशी तिनं पदरानं डोळे पुसलेले चतुराबाईनं पाहिले, आणि चतुराबाईनं पाहिलं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावानं पाहिलं.

पाचवीच्या आदल्या दिवशी अंड्यांतून टकटक सुरू झाली. पाचवीच्या सकाळी कवडी उठली, अंग झाडलं, आणि चिवचिवणाऱ्या पिल्लांचा लोंढा पोटाखालून बाहेर काढून दारातून अंगणात चालती झाली. मागं वळूनही पाहिलं नाही. झुंबरबाई सुई घेऊन तयारच होती. तिनं टरफलं गोळा केली, आणि तळाशी राहिलेलं एक न फुटलेलं अंडं उचलायला गेली तर ते हातातच फुटलं.

ते नासकं होतं. किती नासकं, हे विचारू नका. रायभान अंगणात दाढी करत होता, तो साबण लावल्या तोंडानं रस्त्यावर पळाला. गोधडीचा मधला भाग, झुंबरबाईनं आपल्या जुन्या चोळीच्या चांगल्या खणाचा मुद्दाम लावलेला, आधीच नख्यांनी उकरून चिंध्या झाला होता. त्यावर आता ही घाण थरांच्या आतपर्यंत उतरली. धुऊन भागण्यासारखं नव्हतं. झुंबरबाईनं कात्रीनं तेवढा चौकोन कापून बाहेर फेकला आणि गोधडीच्या पोटातल्या भोकाकडे बघत बसली. घरात जुनं मऊ कापड होतं ते सगळं गोधडीतच गेलेलं. पाचवीच्या गोधडीला नवं कापड लावायचं नाही. आणि संध्याकाळी पाचवी.

सगुणाबाई दारात आली, नाकाला पदर लावून. तिनं भोक पाहिलं, झुंबरबाईचा चेहरा पाहिला, आणि आल्या पावली परत गेली. झुंबरबाईच्या मनात आलं, गेली. कोंबडी सुटली, पिल्लं मिळाली, काम संपलं. यापुढं दुपारी कुणी येणार नाही. हे मनात आल्यावर तिला गोधडीपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं, आणि ते तिनं स्वतःपाशी पहिल्यांदाच कबूल केलं.

बऱ्याच वेळानं दारात पुन्हा सावली पडली. सगुणाबाई. काखेत धर्मराज, दुसऱ्या हातात एक लाल चौकोन. कडेनं उसवलेल्या टाक्यांचे दोरे अजून लोंबत होते. द्वारकाबाईचा पदर. धर्मराजच्या गोधडीच्या मधोमध बसलेला.

सगुणाबाईनं सवयीनं खोलीच्या मधे पाहिलं, "कवडे, सांग" म्हणायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. कवडी तिथं नव्हती. कवडी परसात, कोथिंबिरीच्या वाफ्यात, पिल्लांना उकरायला शिकवत होती. दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिल्या. वर्षात पहिल्यांदा. दोघींच्या लक्षात आलं, की दुसरी बरीच म्हातारी दिसायला लागलीय.

झुंबरबाईनं लाल पदर हातात घेतला. सासूच्या डोक्यावर तो शेवटचा कधी पाहिला ते तिला आठवलं. सुई दोऱ्यापाशी नेली, नेली, जाईचना.

"सगुणे," ती म्हणाली, "सुई ओवून दे गं. मला दिसंना झालंय. लई दिवसांपासून."

सगुणाबाईनं धर्मराजला खाली ठेवलं, सुई घेतली, एका झटक्यात दोरा ओवला.

"घ्या बाई," ती म्हणाली. "लई मऊ झालाय. वरीसभर ह्यानं मुतून मुतून केलाय मऊ. धुतलाय मी चांगला, पन वास गेला असंल असं काही सांगत न्हाई."

झुंबरबाईला हसू आलं, रडूही आलं. दोघी समोरासमोर बसल्या आणि दोन्हीकडून टाके घालायला लागल्या. शेवटची कड राहिली तेव्हा झुंबरबाईची सुई थांबली. जे गिळलं होतं ते पुन्हा वर आलं. तिनं तोंड दाराकडे वळवलं, परसाच्या दिशेला.

"कवडे," ती म्हणाली, "सांग गं तिला. गेल्या साली आडावर मी जे..."

"कवडी गेली बाई," सगुणाबाई दोरा ओढत म्हणाली. "मी हितंच हाये. मला सांगा."

झुंबरबाईनं सुई खाली ठेवली आणि सांगितलं. फार काही नव्हतं, दोनच वाक्यं होती, त्यातलं एक नीट पुरंही झालं नाही. सगुणाबाईनं ऐकलं, नाक ओढलं आणि म्हणाली, "बरं. ह्यो टाका सैल पडलाय तुमचा. उसवा."

झुंबरबाईनं तो उसवला.

संध्याकाळी पाटा-वरवंटा पुजला, दिवा लावला आणि गोधडी अंथरली. चतुराबाई बाळाला घेऊन वाकली, तेवढ्यात धर्मराज लुटूलुटू पुढं आला, आपला लाल चौकोन त्यानं ओळखला, आणि अंगठा तोंडात घालून त्यावर आडवा झाला. उठवायला गेलं की भोकाड. सगळ्या बायका हसायला लागल्या. झुंबरबाई म्हणाली, "कुनी उठवायचं न्हाई त्याला. बसलेल्याला ह्या घरात उठवत न्हाईत." मग बेबीनंदा एका बाजूला निजली, आणि तिच्या रागीट मुलीला धर्मराजच्या शेजारी पदराच्या उरलेल्या जागेत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रायभान अखेर हातोडी आणि फळी घेऊन झरोक्यापाशी आला. दिवाळीपासूनचं काम. झुंबरबाईनं त्याला शिडीवरून खाली उतरवलं.

"राहू द्या तसंच," ती म्हणाली. "पुढच्या साली कवडी कुठून येईल मंग?"